मालकांच्या नावचा विमा

अक्कांच्या घरी खोली पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी नाव, गाव, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. नवा मास्तर येणार हे मुरूमला मी पोचण्याआधीच कळलेलं होतं. अक्का भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगापाशी बसून खराब शेंगा बाजूला काढत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "तुमाला काई झालं तर कळवायचं कुणाला?"

"काही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे मेलात तर."

मी पंचविशीतला होतो. या बाजूनं मी स्वतःचा फारसा विचार केलेला नव्हता. मी आईचं नाव सांगितलं.

"आईला नगं. आई रडत बसंल. येणारा माणूस सांगा."

मी थोरल्या भावाचं नाव सांगितलं. तो कुठं असतो, काय करतो, यायला त्याला किती वेळ लागेल, हे त्यांनी नीट विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "ऱ्हावा." अशी मला ती खोली मिळाली. खाली दुकान, मागं शेंगांचं गोदाम, गोदामावर माझी खोली आणि खिडकीखाली अंगणात उभी असलेली त्यांची लॉरी. तिथं मी जितकी वर्षं राहिलो तितकी वर्षं माझ्या कपड्यांना, पुस्तकांना आणि पोरांच्या तपासलेल्या पेपरांना शेंगांचा वास येत असे.

अक्का उंच होत्या. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, कमरेला किल्ल्या. देवाशी आणि हिशोबाशी त्या कानडीत बोलत, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि ड्रायव्हर दस्तगीरशी त्याच्या दखनीत. सास्तूरला त्यांचे दीर होते, त्यांच्याशी त्या कुठल्याच भाषेत बोलत नसत. मोघम शब्दांचा त्यांना मनापासून राग होता. मी एकदा म्हणालो, "अक्का, रविवारी बहुतेक जेवायला नसेन." त्यांनी हातातला झारा थांबवला. "बहुतेक म्हंजे? हायत का न्हाईत?" मी म्हणालो, नसेन. रविवारी माझा बेत बदलला आणि मी घरीच राहिलो, तरी मला जेवायला मिळालं नाही. सोमवारी त्यांनी ताट वाढलं. कालच्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुकानाच्या पाटीवर मालकांचं, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याचं, नाव होतं. लॉरीच्या दारावर मालकांचं नाव होतं. परवाना, विमा, लाईटचं बिल, मोंढ्याच्या बाजारातली अडतीची गादी, सगळं मालकांच्या नावावर. टपाल मालकांच्या नावानं यायचं. पोस्टमन ओरडायचा, "मालक हायत का?" आणि अक्का आतून उत्तर द्यायच्या, "मालक घरात न्हाईत. द्या हिकडं." मोंढ्यातून माणूस यायचा, तालुक्याहून कारकून यायचा. सगळ्यांना हेच उत्तर मिळायचं आणि सगळे ते ऐकून आपलं काम अक्कांशीच उरकून जायचे. मालक फिरतीवर असतात असा माझा समज झाला. लॉरीचा धंदा आहे, माणूस फिरतीवर असायचाच.

चार-सहा महिने गेल्यावर मी दस्तगीरला विचारलं. तो लॉरीखाली उताणा पडून काहीतरी पिळत होता.

"दस्तगीरभाई, मालक परत कधी येणार?"

त्यानं लॉरीखालून नुसता हात बाहेर काढला आणि ओढ्याच्या दिशेनं दाखवला. ओढ्यापलीकडं लिंगायतांची माती द्यायची जागा होती. "उधर है गुरुजी. बहुत बरस हो गये. अक्का के सामने पूछना नक्को."

मग हळूहळू मला सगळं कळलं. निजामाचं राज्य जाऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा मालकांनी सोलापुराहून ही लॉरी आणली. आणली आणि वर्षाच्या आत छातीत कळ येऊन गेले. मूलबाळ नव्हतं. सास्तूरची काळी जमीन एकत्रातली होती. कुठल्याही कागदावरचं नाव बदलायचं म्हटलं की दिरांची सही लागणार, आणि सही म्हटलं की दीर वाटणी मागणार. मग अक्कांनी नाव बदललंच नाही. मालक मेले हे गावाला ठाऊक होतं, दिरांनाही ठाऊक होतं. पण कागद हलत नव्हता तोवर दीरही हलत नव्हते.

अक्कांना वेड लागलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही नव्हतं. मी पुढं मुद्दाम लक्ष ठेवून ऐकत असे. मालक जिवंत आहेत असं त्या एकदाही बोलल्या नाहीत. मालक येतील असंही बोलल्या नाहीत. घरात नाहीत, एवढंच म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पत्रांची उत्तरं मी लिहून देत असे. त्याखाली "मालकांच्या वतीनं" असं लिहायचं आणि मग अक्का कानडीत स्वतःच्या नावाची सही करायच्या. मालकांची सही त्यांनी कधी केली नाही. पत्रं जायची त्या सोलापुरात कानडी वाचणारे खंडीभर, पण पैसे पोचले की सही कुणी वाचत नसावं.

विम्याचा एजंट शरणप्पा वर्षातून एकदा यायचा. किडकिडीत, छत्री घेऊन हिंडणारा, अक्कांच्याच जातीतला, लांबच्या नात्यातला. पानसुपारी झाली की तो घसा साफ करून विचारायचा, "मालक हायत का?"

"न्हाईत."

"मंग पावती कुणाच्या नावानं करू?"

"दरसाल कुणाच्या नावानं करताव?"

"मालकांच्या."

"मंग?"

शरणप्पा पावती करायचा. दोघंही हे अगदी गंभीरपणानं करत. मालकांना माती दिली तेव्हा हाच शरणप्पा पुढं होता, हे मला फार नंतर कळलं.

त्या विम्याचा कागद इंग्रजीत होता. अक्कांनी एकदा तो मला वाचायला लावला. मी म्हणालो, "यात लिहिलंय की तुमच्या लॉरीनं रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली, तर विमेदाराच्या वतीनं कंपनी भरपाई देईल."

"विमेदार कोण?"

"ज्याचा विमा आहे तो. इथं मालकांचं नाव आहे."

"म्हंजे धडकणार दस्तगीर, मरणार रस्त्यावरचा, हप्ता भरणार मी, आन् विमेदार मालक."

"हो."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि कागद घडी करून देव्हाऱ्यामागं ठेवून दिला.

दस्तगीर चांगला ड्रायव्हर होता. दारू नाही, बिडी नाही, घाई नाही. लॉरीवर त्याचा जीव होता, आणि थोडासा लॉरीचाही त्याच्यावर असावा, कारण दुसऱ्या कुणी चालवायला घेतली की ती चालू होत नसे. त्या दिवशी शेंगा भरून तो सोलापूरला निघाला होता. दिवस कलला होता. जळकोटच्या अलीकडं रस्ता सरळ पश्चिमेला जातो, आणि त्या वेळी सूर्य नेमका काचेसमोर येतो. पुढं एक बैलगाडी मध्येच वळली. तिला चुकवायला त्यानं लॉरी कडेला घेतली. कडेनं जळकोटचा एक कुंभार गाढवावर न विकलेली मडकी लादून बाजारातून परत येत होता.

गाढव जागच्या जागी मेलं. कुंभाराचा पाय चाकाखाली आला. दस्तगीर पळून गेला नाही. त्यानं निम्म्या शेंगा रस्त्यात उतरवल्या, कुंभाराला पोत्यांवर निजवलं आणि तसाच सोलापूरच्या दवाखान्यात नेला. तिथं डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढला. मग दस्तगीर फौजदाराकडं जाऊन बसला.

अक्का दुसऱ्या दिवशी एष्टीनं सोलापूरला गेल्या. मला बरोबर नेलं, कारण दवाखान्यात कागद इंग्रजीत असतात. कुंभार खाटेवर पडला होता. बायको खाली फरशीवर बसली होती. अक्का पायथ्याशी उभ्या राहिल्या, पण पांघरुणाकडं त्यांना बघवेना.

कुंभारानं विचारलं, "माझं गाढव कसं हाय?"

बायको पांघरुणाचं टोक सारखं करायला लागली.

"अक्का, तुमी लारीवाल्या ना? गाढव बघितलं का तुमी? त्येला कुनी पानी पाजलं का?"

"गाढव मेलं," अक्का म्हणाल्या.

तो भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. पाय गेल्याचं त्याला अजून नीट समजलेलं नसावं. बायकोला समजलं होतं. ती अक्कांना म्हणाली, "माती पायानं तुडवावी लागती, अक्का. हातानं न्हाई हुत." एवढंच बोलली.

महिन्याभरात विमा कंपनीचे एक साहेब चौकशीला आले. पॅण्ट, बूट, कातडी बॅग. दुकानाच्या बाकावर बसून त्यांनी मालकांचं नाव घेतलं आणि म्हणाले, "त्यांना बोलवा. विमेदाराचा जबाब घ्यायचा आहे."

"मालक घरात न्हाईत," अक्का म्हणाल्या.

"कधी येतील?"

"सांगून गेलं न्हाईत."

साहेब म्हणाले, थांबतो. अक्कांनी त्यांना चहा दिला. थोड्या वेळानं परत चहा दिला. दुपार झाली तसं जेवायला वाढलं: भाकरी, शेंगांची चटणी, दही. साहेब जेवले. जेवून पुन्हा बाकावर येऊन बसले. मी शाळेतून आलो तेव्हा ते भिंतीला टेकून पेंगत होते आणि अक्का गिऱ्हाईक करत होत्या. जामिनावर सुटलेला दस्तगीर अंगणात बसून सगळं ऐकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. तो उठून साहेबांपाशी आला आणि म्हणाला, "साब, मालक नहीं आते. मर गये. कब के मर गये."

साहेब खडबडून जागे झाले. आधी चिडले. मग एकाएकी त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे अपघात झाला तेव्हा विमेदार हयात नव्हता?"

"अपघात कायकू साब, उससे बहुत पहले."

साहेबांनी बॅग आवरली. जाताना त्यांनी अक्कांना अगदी आदरानं नमस्कार केला आणि जेवणाची तारीफ केली. दहा-बारा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. मालकांच्याच नावानं आलं होतं. आपण मृत झाल्यामुळे आपल्याशी झालेला करार आपल्या मृत्यूच्या दिवशीच संपुष्टात आला आहे, सबब कंपनी काही देणं लागत नाही, असं त्यात मालकांना कळवलेलं होतं.

मी पत्र वाचून दाखवलं. अक्का म्हणाल्या, "इतकी वर्सं पैसे घेताना मेलेला चालत हुता की."

कुंभारानं दावा लावला. अक्कांनी उमरग्याचे वकीलसाहेब गाठले. त्यांचं निम्मं आयुष्य उर्दूत वकिली करण्यात गेलेलं होतं. राज्य बदललं तशी कोर्टाची बोली बदलली, कायदे इंग्रजीत आले. मग ते तिन्ही भाषांत अडखळायचे आणि खटले पूर्वीइतकेच जिंकायचे. त्यांनी पॉलिसी दोनदा वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, "अक्का, रस्ते दोन आहेत. एक सोपा आहे. आजवर तुम्ही लोकांना जे सांगत आलात तेच कोर्टात सांगा. मालक घरात नाहीत. गाडी कागदावर त्यांची, परवाना त्यांचा, विमा त्यांचा. तुम्ही कोण? कुणीच नाही. मय्यत माणसावर हुकूमनामा होत नाही, कंपनी आधीच सुटलेली आहे. कुंभार हात हलवत परत जाईल."

"आन् दुसरा?"

"दुसरा असा, की मालक गुजरले. तेव्हापासून गाडी मी चालवते, कमाई मी खाते, हप्ता मी भरते. कंपनीला हे ठाऊक होतं. म्हणून कागदावर नाव कुणाचंही असो, बीमेदार मी. हे शपथेवर सांगायचं. मानलं कोर्टानं तर कंपनी भरेल. नाही मानलं तर सगळं तुमच्यावर येईल. लॉरी जाईल, कदाचित दुकानही."

"कदाचित म्हंजे?"

"जाईल," वकीलसाहेब म्हणाले.

"आन् सास्तूरचे?"

"शपथेवर मालक गेले म्हटलं, की सास्तूरचे दुसऱ्या दिवशी दारात."

वकीलसाहेबांच्या बायकोनं सरबत आणून ठेवलं, त्याला अक्कांनी हात लावला नाही. मग विचारलं, "त्या कुंभाराचा पाय कुठला गेला? डावा का उजवा?"

वकीलसाहेबांनी कागद पाहिला. "उजवा."

"माती तुडवायला कुठला लागतो?"

"दोन्ही लागतात, अक्का."

"हौदु," अक्का म्हणाल्या. हो म्हणायला त्या कानडीत गेल्या की विषय संपला, हे मला एव्हाना कळायला लागलं होतं. "दुसरं लिव्हा."

खटला धाराशिवला चालला. जायच्या दिवशी अक्कांनी पहाटे पूजा केली, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि माझ्या आधी स्टँडवर जाऊन बसल्या. कोर्टात गर्दी नव्हती. कुंभार कुबडी भिंतीला लावून एका बाजूला बसला होता. दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील आणि त्यांच्यामागं छत्री मांडीवर आडवी धरून शरणप्पा. त्यानं आमच्याकडं पाहिलं नाही.

अक्का पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शपथ झाली. कारकुनानं नाव विचारलं, ते सांगितलं. मग विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

अक्का गप्प.

"नवऱ्याचं नाव सांगा, बाई."

त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. गावात असतं तर शेजारच्या कुणी सांगून टाकलं असतं. वकीलसाहेब अर्धवट उठले, पण न्यायाधीश म्हणाले, साक्षीदारालाच सांगू द्या. अक्कांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"बसवणप्पा," त्या म्हणाल्या.

मी ते नाव पाटीवर रोज वाचत होतो. त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. कोर्टात ते जरा मोठ्यानंच उच्चारलं गेलं, कुणाला तरी लांबून हाक मारावी तसं.

कंपनीचे वकील उठले. ते तरुण होते आणि हसतमुख होते. "बाई, आपण सगळ्यांना सांगत आलात की मालक घरात नाहीत. खरं ना?"

"व्हय."

"आमच्या साहेबांनाही तेच सांगितलंत. मग आता आपलं म्हणणं काय? कुठं बाहेर गेले आहेत का?"

"मेलेत," अक्का म्हणाल्या. "मी पायाशी बसले हुते."

वकिलांचं हसू थोडं कमी झालं. "मग ते आपण कंपनीला का कळवलं नाही?"

"तुमचा मानूस मातीला आला हुता. घरच्या मानसाला कळवायचं असतंय व्हय?"

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. कंपनीच्या वकिलांनी लगेच युक्तिवाद केला. विमा म्हणजे दोघांमधला करार. विमेदार म्हणजे ज्याच्याशी करार झाला तो माणूस, त्याचं घर नव्हे, त्याची बायको नव्हे. तो मेला की करार मेला. त्यानंतर जे पैसे आले ते चुकून आले, कंपनी ते परत करायला तयार आहे.

"दरसाल चुकून आले?" न्यायाधीशांनी विचारलं.

"होय, महाराज."

"आणि आपण दरसाल चुकून पावती दिलीत."

"होय, महाराज."

मग शरणप्पाला उभं केलं. त्याला काय सांगायचं ते शिकवून आणलेलं आहे हे त्याच्याकडं बघूनच कळत होतं. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, तुमचा व्यवहार मालकांशीच होता ना? तो म्हणाला, व्हय. मालक वारल्याचं तुम्हाला माहीत नव्हतं ना? शरणप्पा म्हणाला, "न्हवतं." त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

आमचे वकीलसाहेब उठले. "शरणप्पा, मालकांना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"मोंढ्यात."

"मोंढ्यात कधी?"

शरणप्पा छत्रीची मूठ पिळत राहिला. मी अक्कांकडं पाहिलं. त्या आता काही बोलतील असं मला वाटलं. त्या उठल्या खऱ्या, पण दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला म्हणाल्या, "त्येला जरा पानी द्या की. लई घाम आलाय."

न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं. शिपायानं पाणी आणून दिलं. शरणप्पानं सगळा तांब्या पिऊन टाकला. मग वकीलसाहेबांकडं न बघता, कोर्टाकडंही न बघता, तो अक्कांकडं बघून म्हणाला, "खड्ड्यात बेलाचं पान म्याच टाकलं. तोंडावरचं फडकं म्याच काढलं. मला ठाव न्हाई असं कसं म्हनू?"

कोर्टानं निकाल काही महिन्यांनी दिला. तो इंग्रजीत होता, बराच लांब होता, आणि निम्मा विमेदार या एका शब्दावर होता. वकीलसाहेबांनी आम्हाला सांगितलं ते असं: ज्याच्या डोक्यावरची जोखीम कंपनीनं जाणूनबुजून पैसे घेऊन उचलली, तो विमेदार. एजंटाला कळलं ते कंपनीला कळलं. मालक गेले हे माहीत असून कंपनी दरसाल अक्कांकडून हप्ता घेत राहिली, म्हणजे तिनं अक्कांचीच जोखीम घेतली. आता कागदावरचं जुनं नाव दाखवून तिला मागं फिरता येणार नाही. कुंभाराच्या पायाची भरपाई कंपनीनं द्यायची.

"आन् गाढवाची?" अक्कांनी विचारलं.

"पॉलिसीत फक्त माणसं आहेत," वकीलसाहेब म्हणाले. "गाढव तुमच्याकडं."

अक्का बाजारात गेल्या आणि स्वतः पारखून गाढव घेतलं. दात पाहिले, पाय उचलून खूर पाहिले. माणूस बरोबर देऊन ते जळकोटला पाठवलं. कुंभाराचा निरोप आला की गाढव चावतं. अक्कांनी निरोप पाठवला की शिकंल.

सास्तूरचे दीर वकीलसाहेब म्हणाले होते त्यापेक्षा आधी आले. निकालापर्यंतसुद्धा थांबले नाहीत. वाटणी झाली आणि सास्तूरची सगळी काळी जमीन त्यांच्याकडं गेली. दुकान आणि लॉरी अक्कांकडं राहिली. त्या जमिनीत अक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून दर पेरणीला चाड्यावर मूठ धरून बी सोडायला जात. त्या वर्षी पेरणीच्या दिवसांत त्या घरातच होत्या. त्यांनी गोदाम झाडलं, पोती हलवली, परत झाडलं. वर माझ्या खोलीत धूळ येत होती. मी खिडकी लावून घेतली.

कंपनीनं शरणप्पाची एजन्सी काढून घेतली. त्याची लेकरं लहान होती. महिनाभर तो छत्री घेऊन नुसताच मोंढ्यात फिरायचा. एक दिवस अक्कांनी त्याला दुकानात बोलावलं आणि गादीवर बसवलं. "उद्यापास्नं येत जावा. विम्यात तुमचं काई खरं न्हाई." तो शेवटपर्यंत त्या दुकानात होता. अक्का त्याला दिवसातून चार वेळा रागवायच्या आणि दुपारी स्वतःच्या हातानं वाढायच्या.

शरणप्पा दुकानात बसायला लागल्यावर एक दिवस पोस्टमन दारात उभा राहून सवयीनं ओरडला, "मालक हायत का?" दुकानात चार माणसं होती. सगळी थांबली. शरणप्पानं लिहिणं थांबवलं. अक्कांनी तराजू खाली ठेवला.

"मालक न्हाईत," त्या म्हणाल्या. "मी हाय. द्या."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि त्यानं पाटीवर मालकांच्या नावाखाली अक्कांचं नाव घातलं. मालकांचं नाव पुसू का, असं त्यानं विचारलं होतं. अक्का त्याच्याकडं नुसतं बघत राहिल्या, तेव्हा तो निमूटपणे शिडीवर चढला.

नवी पॉलिसी अक्कांच्या नावानं झाली. दुसऱ्या कंपनीची. या वेळी त्यांनी ती माझ्याकडून ओळ न् ओळ समजून घेतली, तीन दिवस रोज संध्याकाळी बसून. रस्त्यावरचा माणूस झाला, ड्रायव्हर झाला, क्लीनर झाला. लादलेल्या मालासाठी वेगळे पैसे भरले होते, तेही झालं. "आन् लारीत बसून आलेला?" त्यांनी विचारलं. मी वाचून सांगितलं, मालाच्या लॉरीत बसलेला उतारू यात येत नाही.

मग माझी बदली परंड्याला झाली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. सामान फार नव्हतं, पण पुस्तकांची दोन खोकी, खाट, ट्रंक, भांडी असं होतंच. अक्का म्हणाल्या, लारी रिकामीच बार्शीला चाललीय, तशीच पुढं परंड्याला जाईल. दस्तगीरनं सामान चढवलं, दोर आवळले. मी आनंदानं त्याच्या शेजारी चढून बसलो.

"उतरा," अक्का म्हणाल्या.

"का?"

"तुमी एष्टीनं जावा."

मी म्हणालो, अक्का, एष्टीनं उमरगा, सोलापूर, बार्शी करत दोन दिवस लागतील. लॉरी आज रात्री पोचेल. शिवाय दस्तगीर चालवतोय.

"दस्तगीर चालिवतोय म्हनूनच म्हनते," अक्का म्हणाल्या. "दस्तगीरनंच चालिवली हुती. उतरा खाली."

मी उतरलो. दस्तगीर खाली मान घालून चाकावरची माती खरवडत होता. त्याला वाईट वाटलं असेल. लॉरी निघून गेली. अक्का मला सोडायला स्टँडपर्यंत आल्या, हातात धपाट्यांचं गाठोडं होतं. एष्टी आली, मी नमस्कार केला. "पोचल्याचं कळवा," असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हर किती वर्षं चालवतोय. त्याचं उत्तर ऐकून घेतलं आणि घरी गेल्या.

सोलापूरची गाडी चुकली, बार्शीला मुक्काम पडला. परंड्याला पोचलो तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. नव्या शाळेच्या आवारात लॉरी उभी होती. सामान केव्हाच उतरवून खोलीत नीट लावलेलं होतं. दस्तगीर लॉरीच्या सावलीत पटका डोक्याखाली घेऊन झोपला होता. मी त्याला हलवून उठवलं आणि विचारलं, "दस्तगीरभाई, अजून इथंच? धंद्याचा खोळंबा झाला असेल की."

तो उठून बसला. मला त्यानं वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतलं. मग पटका झटकला आणि डोक्याला गुंडाळायला लागला.

"अक्का बोली, सामान को कुछ हुआ तो कंपनी देती. गुरुजी को हुआ तो कोई नहीं देता. आँख से देखे बगैर वापस आना नक्को." मग तो लॉरीत चढला, दार ओढून घेतलं आणि मुरूमला निघून गेला.